खेळाचा तास, गणिताचे गुण

दहावीच्या गुणपत्रिकेत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा श्रेणीचा विषय आहे. त्याचे मूल्यमापन शाळाच करते, टक्केवारीत तो धरला जात नाही, आणि त्यातली ‘अ’ श्रेणी पाहून कुणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे नववीच्या दुसऱ्या सत्रापासून पीटीचा तास हळूच बीजगणिताच्या बाई मागून घेतात आणि पुढे तो परत करायचे राहून जाते. घरीही तोच न्याय: “दहावीचं वर्ष आहे, आता खेळ बंद.” या व्यवहारामागचा हिशेब साधा आहे. दिवसाचे तास मोजके, म्हणून खेळाला दिलेला तास अभ्यासातून वजा झाला. गेल्या पन्नास वर्षांत हा हिशेब निरनिराळ्या देशांत तपासून पाहिला गेला आणि त्यातली वजाबाकी फारशी टिकली नाही.

सर्वांत सरळ तपासणी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या त्र्वा-रिव्हिएर या गावी झाली. १९७० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या प्राथमिक शाळांतील ५४६ मुलांवर हा प्रयोग केला गेला. प्रयोगातल्या वर्गांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिले आणि तो तास शिकवण्याच्या वेळातून काढला. शिकवणे जवळजवळ १३-१४ टक्क्यांनी घटले. पहिलीत ही मुले किंचित मागे राहिली, पण दुसरीपासून पुढे त्यांचे गुण इतर वर्गांच्या बरोबरीने किंवा थोडे वरचेच आले. फार मोठी झेप कुणी घेतली नाही. मात्र इतका वेळ काढून घेऊनही नुकसान झाले नाही, हेच या प्रयोगातले खरे बोलके उत्तर आहे.

ती मुले लहान होती. किशोरवयाबद्दलचा एक महत्त्वाचा पुरावा इंग्लंडमधून आला. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांचा माग तिथले संशोधक वर्षानुवर्षे ठेवत आहेत. त्यांपैकी सुमारे पावणेपाच हजार मुलांच्या कमरेला अकराव्या वर्षी हालचाल मोजणारे छोटे यंत्र आठवडाभर बांधले गेले आणि त्या नोंदी सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेच्या निकालाशी ताडून पाहिल्या गेल्या. दम लागेल अशी हालचाल जी मुले अधिक करत होती, त्यांचे इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे निकाल सरासरीने थोडे बरे होते. मुलींच्या बाबतीत विज्ञानात हा फरक विशेष दिसला. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. यंत्राने मोजणे इथे महत्त्वाचे ठरते, कारण “रोज किती खेळतोस?” असे विचारले तर आईच्या आणि मुलाच्या उत्तरात तासाभराचा फरक पडतो.

तरीही दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही. ज्या घरात मुलाला पोहण्याच्या क्लासला सोडायला कुणी मोकळे असते, त्या घरात बहुधा पुस्तकेही असतात, स्वतंत्र टेबल असते, वेळेवर जेवण असते. संशोधक आकडेमोडीत अशा गोष्टींची वजावट करतात, पण ती पुरी कधीच होत नाही. २०१९ साली तज्ज्ञांच्या एका गटाने मुले आणि किशोरांवरचे प्रयोग चाळून पाहिले. नीट आखलेले प्रयोग थोडेच आहेत, बुद्धीच्या इतर कामांबद्दल ठाम बोलता येत नाही, पण गणितातल्या फायद्याचा पुरावा भक्कम आहे, असे त्यांचे मत पडले. खेळाच्या तासावर पहिला डल्ला गणिताचाच पडतो, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाची गंमत कळते.

गणितच का, याचे एक संभाव्य उत्तर मेंदूच्या कपाळामागच्या भागात आहे. हातचा लक्षात ठेवणे, मनात पहिले आलेले चुकीचे उत्तर दाबून धरणे, एक रीत चालली नाही तर दुसरी धरणे ही कामे हा भाग करतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. व्यायामाने हृदय आणि रक्तवाहिन्या तरतरीत राहतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो. मेंदूतल्या पेशी टिकवणारी आणि त्यांचे परस्परांशी धागे जुळवायला मदत करणारी काही प्रथिनेही व्यायामाने वाढतात. यांतली बरीच माहिती उंदरांवरच्या आणि म्हाताऱ्या माणसांवरच्या प्रयोगांतून आली आहे, तेव्हा ती पंधरा वर्षांच्या मुलाला जशीच्या तशी लावताना हात थोडा आखडता घ्यावा. तात्कालिक परिणाम मात्र मुलांवरच पाहिला गेला आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स हिलमन यांनी २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटे ट्रेडमिलवर झपाझप चालवले आणि मग चाचण्या घेतल्या. नुसते बसून राहिल्यानंतरच्या चाचण्यांपेक्षा मुलांचे लक्ष अधिक टिकले आणि वाचलेला मजकूर त्यांना अधिक नीट समजला. हिलमन यांच्याच गटाने पुढे नऊ महिने शाळा सुटल्यावर रोज दोन तासांचा खेळाचा कार्यक्रम चालवला. त्यात २२१ मुले होती. लक्ष विचलित न होऊ देण्याची आणि विचाराची दिशा पटकन बदलण्याची त्यांची क्षमता वाढली. जी मुले अधिक नेमाने आली, त्यांची जास्त.

या सगळ्याचा अर्थ आपल्या गावात लावायचा तर पुण्याची मंडई ही सोयीची जागा आहे. १८८६ साली खुली झालेली मंडईची अष्टकोनी दगडी इमारत मध्यभागी धरली, तर चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत पेशवाईपासूनच्या तालमी आहेत, शंभर-सव्वाशे वर्षांच्या शाळा आहेत, क्लासच्या पाट्यांनी झाकलेले जिने आहेत, ढोल-ताशा पथके आहेत, आणि पहाटेपासून माल उचलणारी, लावणारी, विकणारी माणसे आहेत. किशोरवयीन शरीराची जितकी तऱ्हेतऱ्हेची हालचाल असू शकते, तितकी इथे एका टापूत सापडते. ही सगळी हालचाल अभ्यासाच्या दृष्टीने सारख्या मोलाची नाही.

तालमीपासून सुरुवात करावी. शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या जुन्या तालमींमध्ये दिवस उजाडण्याच्या आत सुरू होतो. हौदातली लाल माती खोऱ्याने उकरायची, तीही पोरांनीच. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. माती उकरून सारखी करेपर्यंत निम्मा व्यायाम झालेला असतो. मग जोर, बैठका, मग लढत. वस्ताद काठावर उभा राहून आकडा मोजत नाही, दम मोजतो. श्वास तोंडाने घ्यायला लागला की “नाकानं, नाकानं” एवढेच म्हणतो.

वस्तादाच्या या सवयीला स्वीडनमधून अनपेक्षित दुजोरा मिळाला. तिथे सैन्यभरतीच्या वेळी अठरा वर्षांच्या प्रत्येक तरुणाची दमाची, ताकदीची आणि बुद्धीची चाचणी होत असे. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या बारा लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदी तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय-फुप्फुसांचा दम ज्यांचा चांगला, त्यांचे बुद्धिचाचणीतले गुणही चांगले होते. स्नायूंच्या ताकदीचा मात्र बुद्धीशी असा संबंध दिसला नाही. पंधरा ते अठरा या वयात ज्यांचा दम सुधारला, त्यांचे बुद्धिचाचणीचे गुणही सरस निघाले. सख्खे भाऊ आणि जुळे यांची तुलना केल्यावरही चित्र तेच राहिले, म्हणजे सगळे श्रेय घराला किंवा रक्ताला देऊन मोकळे होता येत नाही.

अकरावीतला मुलगा संध्याकाळी जिममध्ये जाऊन आरशासमोर दंड फुगवतो, त्याच्याबद्दल हा अभ्यास फारसा उत्साहवर्धक नाही. शेकड्याने मारलेल्या बैठका, मल्लखांब आणि कुस्ती यांची गोष्ट वेगळी. त्यांत ताकद आहेच, पण दम त्याहून अधिक लागतो. शिवाय समोरचा काय करील याचा अंदाज बांधून डाव बदलावा लागतो. नुसत्या यांत्रिक व्यायामापेक्षा असे डोके चालवायला लावणारे खेळ मेंदूला अधिक उपयोगी पडतात, असे अनेक संशोधकांना वाटते. खो-खो हे त्याचे घरचे उदाहरण. या खेळाचे नियम पहिल्यांदा १९१४ साली पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर, आखले गेले. खो मिळाल्यावर उठायचे, दिशा पकडायची आणि ती मोडायची नाही. एवढे सगळे एका क्षणात करायचे, तेही धाप लागलेली असताना.

तालीम आणि शाळा ही दोन वेगळी जगे आहेत, असे पुण्यात नेहमीच मानले जात होते असे नाही. महात्मा जोतीराव फुले तरुणपणी लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. लहुजींची तालीम गंज पेठेत, म्हणजे मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तालमीत पोरे घडवणारे हेच लहुजी पुढे फुल्यांच्या शाळांच्या पाठीशी उभे राहिले. (फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी मंडईच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा म्हणून. पुढे मंडईला नाव त्यांचेच मिळाले.)

याच मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. व्यायाम आणि परीक्षा यांच्या नात्याची मराठी मुलखातली सर्वांत गाजलेली गोष्ट टिळकांचीच. मॅट्रिक होऊन १८७३ साली ते डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा प्रकृतीने अगदीच किरकोळ होते. ते पहिले वर्ष त्यांनी जोर, कुस्ती आणि पोहण्यात घालवले. अभ्यास मागे पडला आणि तो त्यांनी पडू दिला. १८७६ साली ते बी. ए. झाले, पहिल्या वर्गात. ही गोष्ट व्यायामशाळांच्या वार्षिक समारंभांत हमखास सांगितली जाते आणि सांगताना तिचा एक भाग वगळला जातो. टिळकांच्या त्या वर्षात व्यायामाने अभ्यासाला मदत केली नव्हती, व्यायामाने अभ्यासाची जागा घेतली होती. फायदा झाला असेल तर तो पुढच्या वर्षांत. शिवाय एका अलौकिक माणसाच्या चरित्रावरून दहावी-ब च्या वर्गाला नियम लावता येत नाही.

तो वगळलेला भाग मात्र आजही खरा आहे. एका मर्यादेपलीकडे सराव अभ्यासाचा वेळ आणि झोप दोन्ही खातो. राष्ट्रीय पातळीवर खेळणारी मुले महिनोन्‌महिने शाळेबाहेर असतात. म्हणून तर राज्य मंडळ दहावी-बारावीला खेळाडूंना जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण देते. गुणांची ही सवलत खेळामुळे बुडालेल्या वेळाची भरपाई आहे. खेळाने बुद्धी वाढते म्हणून दिलेले ते बक्षीस नव्हे. हे दोन मुद्दे पालकांच्या बोलण्यात नेहमी एकमेकांत मिसळतात.

वर्षातले दोन महिने पेठांमधल्या मुलामुलींचा व्यायाम नदीकाठी आणि पुलांखाली ऐकू येतो. ज्ञान प्रबोधिनीने शाळकरी मुलामुलींची बर्ची आणि ढोल-ताशाची पथके गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आणली. पुढे रमणबागेसारख्या शाळांच्या नावाची पथके उभी राहिली आणि आता त्यांची गणती सहज होत नाही. कमरेला काही किलोंचा ढोल बांधून तास-दीड तास ठेका धरायचा, वाकायचे, उसळायचे, शेजारच्याशी ताल सोडायचा नाही. श्रमाच्या मोजमापात हे झपाझप चालण्याच्या वरचेच ठरेल. यात मुली मोठ्या संख्येने आहेत, आणि ही बाब लहान नाही. अकरा ते सतरा वयाच्या शाळकरी मुलांच्या हालचालीचा १४६ देशांतला आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज तासभर हालचालीचा निकष ८१ टक्के मुले पाळत नव्हती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. मासिक पाळी सुरू झाली की मुलीचा खेळ सुटतो, आणि तो बहुतेक वेळा शरीरामुळे सुटत नाही. कपडे, स्वच्छतागृह, संध्याकाळी घरी परतायची वेळ आणि “आता मोठी झालीस” या चार गोष्टी त्याला पुरतात. पथकात या चारही गोष्टींतून वाट समूहाने काढलेली असते. ढोलाची अडचण निराळीच. सराव रात्री लांबतो, नेमकी तेव्हाच घटक चाचणी येते, आणि विसर्जन झाले की ढोल वर्षभरासाठी माळ्यावर जातो. दोन महिने जोमात आणि दहा महिने खुर्चीत, अशा व्यायामातून फार अपेक्षा ठेवता येत नाहीत. प्रयोगांतून दिसणारा फायदा नेमाचा आहे.

मंडईतल्या गाळ्यांवरची गोष्ट याहून गंभीर आहे. घाऊक भाजीबाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यापासून मंडईतल्या विक्रेत्यांना पहाटे तिकडून माल आणावा लागतो. घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बरोबर गेला, तर साडेतीनला उठतो. पाठीवर पोते, मग टेम्पोत चढउतार, मग गाळ्यावर पालेभाजी सोडवून, पाणी मारून, जुड्या रचून ठेवायच्या. शाळेची घंटा होईपर्यंत यंत्रावर याच्या हालचालीचे आकडे कुठल्याही खेळाडूला लाजवतील असे निघतील. तरी दुसऱ्या तासाला त्याची मान बाकावर पडलेली असते. हालचालीची मिनिटे मोजून अभ्यासाचे गुण ठरत असते, तर मंडईच्या पोरांनी बोर्ड गाजवले असते.

श्रम आणि व्यायाम यांत हा फरक का पडतो, याची कारणे बरीचशी उघड आहेत. व्यायामात शरीर ठराविक वेळ जोर लावते आणि मग विसावते. हमालीत तोच भार तासन्‌तास, त्याच सांध्यांवर, स्वतःच्या मर्जीविना पडतो. वाढत्या हाडांना आणि मणक्याला तो सोसतही नाही. सर्वांत मोठा फरक झोपेचा. किशोरवयात रात्री आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम मुख्यतः झोपेतच चालते. योग्य वेळी केलेला व्यायाम झोप गाढ करतो, पहाटे साडेतीनचे ओझे ती मोडते. फुले दांपत्याने १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा हाच पेच त्यांच्यासमोर होता. सरस्वती मंदिर संस्थेच्या पूना नाईट हायस्कूलमध्ये आजही दिवसा कामावर उभी राहिलेली मुले संध्याकाळी बाकावर येऊन बसतात. त्यांना जादा हालचालीचा सल्ला देण्यात अर्थ नाही. त्यांना हवे आहे ते खाणे, विश्रांती आणि वर्गात जागे राहता येईल इतकी उरलेली शक्ती.

उलट टोकाला क्लासचा विद्यार्थी आहे. सकाळी साडेसहाला क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी दुसरा क्लास, मधल्या प्रवासात दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून वडापाव. दिवसातले दहा-बारा तास बसून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडांना जोर पडेल असा व्यायाम करावा. ही साठ मिनिटे सलग असण्याची गरज नाही. शाळेत चालत जाणे, मधली सुट्टी, जिने, संध्याकाळची अर्ध्या तासाची धावपळ असे तुकडे जोडून ती भरतात. पेठेतल्या मुलाला ही सोय एके काळी न मागता मिळत होती, कारण शाळा चालण्याच्या अंतरावर होती. आता तीच शाळा तशीच जवळ असते, पण लक्ष्मी रस्त्याच्या रहदारीत मुलाला एकट्याने सोडायची हिंमत घरच्यांना होत नाही.

मैदान ही पेठेतली कायमची अडचण. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले, पण वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या शाळांची अंगणे कायद्याने रुंद होत नाहीत. खो-खोचे पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद लागते. मध्यवस्तीतल्या कित्येक शाळांत एवढी जागा प्रार्थनेलाही नसते. अशा शाळांतले चांगले क्रीडाशिक्षक वेगळी शक्कल लढवतात. दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, लंगडी, मल्लखांबाचा एकच खांब आणि त्याभोवती रांग. दोरीवरच्या उड्यांना माणशी सतरंजीएवढी जागा पुरते आणि तीन मिनिटांत दम लागतो. सूर्यनमस्कार महाराष्ट्रातल्या शाळांत नवे नाहीत. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले होते. संथ घातले तर ते ताणाचा व्यायाम ठरतात, सलग आणि वेगाने घातले तर दमाचा. वेळापत्रकात हा तास कुठे ठेवावा, यालाही महत्त्व आहे. व्यायामानंतरची तरतरी काही काळच टिकते, म्हणून पीटी शेवटच्या तासाला ठेवली तर तिचा लाभ घरच्या सोफ्याला होतो. पहिल्या किंवा मधल्या तासाला ठेवली, तर पुढच्या गणिताच्या तासाला.